शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष

दृढीकरणाच्या वर्गात बसणारी मुले साधारणपणे चौदा ते सतरा वर्षांची असतात. प्रेषितांचा विश्वासांगीकार त्यांना पाठ झालेला असतो, दहा आज्ञा क्रमवार म्हणता येतात, आणि नेमक्या याच वयात ती असे काही विचारू लागतात की, ज्याचे उत्तर प्रश्नोत्तरावलीत सापडत नाही. ‘माझ्या बाकावरचा मुलगा रमजानचे सगळे रोजे पाळतो; देव त्याची प्रार्थना ऐकत नसेल का?’ ‘शेजारच्या आजी रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचतात आणि कुणाविषयी कधी वाईट बोलत नाहीत, मग त्या अंधारात आहेत असे आपण कसे म्हणायचे?’ प्रिय वाचक, आपण आईबाप असा, शब्बाथ शाळेचे शिक्षक असा अथवा मंडळीचे पाळक असा, असा एखादा प्रश्न आपल्यापुढे केव्हा ना केव्हा उभा राहिलाच असेल.

त्या वेळी आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक जुने : ‘तो सगळा अंधार आहे, त्यात डोकावू नये.’ दुसरे अलीकडचे, सुशिक्षित घरांतले : ‘सगळे धर्म अखेर एकच शिकवतात, तू आपला अभ्यास कर.’ पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात सोय आहे. वरवर पाहता ही उत्तरे परस्परविरुद्ध वाटतात. परंतु दोहोंत एक साम्य आहे. रोजे पाळणारा तो मुलगा किंवा ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या त्या आजी स्वतः काय मानतात, हे जाणून घेण्याची गरज दोन्ही उत्तरांना भासत नाही. माझे म्हणणे असे की, अन्य धर्मांविषयी मुलांना काय शिकवावे हा प्रश्न अभ्यासक्रमाचा किंवा सामाजिक सलोख्याचा असण्याआधी नवव्या आज्ञेचा आहे.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची ती आज्ञा (निर्गम २०:१६) मुळात न्यायसभेसाठी होती. वेशीत बसलेल्या वडीलजनांपुढे साक्षीदार जे बोले त्यावर माणसाची जमीन, अब्रू, कधी कधी प्राणही अवलंबून असे. म्हणूनच खोट्या साक्षीदाराला अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात इतकी कठोर शिक्षा सांगितली आहे. माणसाचा धर्म म्हणजे त्याच्या अंतःकरणातली सर्वांत मोलाची ठेव. त्या ठेवीविषयी त्याच्या पाठीमागे, मुलांच्या वर्गात, आपण खोटे सांगावे आणि त्याला मात्र उत्तर देण्याची संधी नसावी, ही खोटी साक्ष नव्हे तर काय? मार्टिन ल्यूथरने १५२९ साली लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरावलीत या आज्ञेचा अर्थ सांगताना (त्याच्या क्रमाने ती आठवी) केवळ ‘खोटे बोलू नये’ एवढ्यावर समाधान मानले नाही. शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे, त्याच्या प्रत्येक गोष्टीचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, इथवर तो जातो. २०११ साली व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादासाठी असलेली परिषद, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तीन संस्थांनी, ज्यांचे एरवी पुष्कळ बाबतीत जुळत नाही, बहुधर्मीय जगात ख्रिस्ती साक्ष कशी द्यावी याविषयी एक संयुक्त निवेदन काढले. इतरांविषयी खोटी साक्ष न देणे आणि समजून घेण्यासाठी ऐकणे, हे त्यात आचरणाचे तत्त्व म्हणून स्पष्टपणे घातले आहे. सुवार्ता सांगण्याचे कर्तव्य त्या निवेदनात सोडून दिलेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता आपली मुले राहतात कोठे ते पाहा. मराठी शाळेत जाणारे आपले मूल तुकारामांचे अभंग पाठ करते, ज्ञानेश्वरांच्या ओव्यांचा भावार्थ लिहून गुण मिळवते, आणि रविवारी त्याच्या कानी पडते की या देशात प्रकाश आला तो मिशनरी आल्यावर. त्याच्या मनात दोन खोल्या तयार होतात. एकीत सोमवार ते शनिवार, दुसरीत रविवार. मधले दार बंद. इंदूर, बडोदा, हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत तर जैन, शीख, मुसलमान शेजारी भिंतीला भिंत लावून असतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि जालना जिल्ह्यांतील खेड्यांत एकाच भावकीतले एक घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, तर दुसरे १९५६ नंतर बौद्ध झालेले, असे अनेक ठिकाणी आहे. तेथे ‘अन्य धर्म’ हा पुस्तकातला विषय नाही. तो चुलत्याच्या घरातला विषय आहे.

सर्वांत जास्त खोटी साक्ष आपण मूर्तिपूजेविषयी देतो. ‘ते लोक दगडमातीला देव मानतात,’ एवढ्या एका वाक्यात आपला धडा संपतो. पंधरा वर्षांची मुलगी ते ऐकते आणि भाद्रपदात मैत्रिणीच्या घरी जाते. तेथे तिला कळते की मूर्ती कारखान्यातून येते तेव्हा ती नुसती मूर्ती असते. प्राणप्रतिष्ठेचा विधी झाल्यावर पूजा सुरू होते, आणि ठरलेले दिवस संपले की तीच माती पाण्यात विसर्जित होते. मातीच देव असती तर ती कुणी बुडवली असती का, असा साधा प्रश्न मैत्रीण विचारते. आपल्या मुलीजवळ उत्तर नसते. मूर्तीविषयी शास्त्राची आज्ञा खोटी ठरत नाही, मूर्तिपूजेला आपण दिलेला नकारही डळमळत नाही. खोटे ठरते ते आपण केलेले शेजाऱ्याचे वर्णन. आणि ज्या शिक्षकाने मैत्रिणीविषयी चुकीचे सांगितले, त्याच शिक्षकाने येशूविषयी सांगितलेले तरी खरे कशावरून, हा विचार त्या मुलीच्या मनात आल्यावाचून राहत नाही. आपण ज्या भीतीने गप्प बसतो किंवा अर्धवट सांगतो, ती भीती नेमकी याच मार्गाने खरी होते.

‘पण यशया संदेष्ट्याने मूर्तींचा उपहास केला आहे,’ असे कुणी म्हणेल. केला आहेच. एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर भाकरी भाजणारा आणि उरलेल्या अर्ध्याची मूर्ती करून तिच्यापुढे लवणारा माणूस त्याने ४४व्या अध्यायात मोठ्या धारदार शब्दांत रंगवला आहे. परंतु तो उपहास कुणाला ऐकवला होता? बाबेलच्या वैभवाने दिपून गेलेल्या स्वतःच्याच लोकांना. आपल्या घरच्यांना सावध करताना बाप जी भाषा वापरतो, ती तो शेजाऱ्याच्या दारात उभा राहून वापरत नाही. शेजाऱ्याच्या दारातली भाषा पाहायची असेल तर पौलाबरोबर अथेनै शहरात जावे. तेथील मूर्ती पाहून त्याचा जीव तळमळला होता, हे लूक लपवीत नाही. तरीही अरीयपगावर उभा राहिल्यावर तो सांगतो की, फिरताना त्याने त्यांच्या पूजेच्या वस्तू निरखून पाहिल्या आहेत, एका वेदीवरचा लेखही वाचला आहे. आणि मग त्यांच्याच कवीचा आधार घेतो. तो कवी म्हणजे अरॅटस, आणि ज्या काव्यातली ती ओळ आहे ते झ्यूस देवाच्या स्तवनाने सुरू होते. पौलाला ती ओळ येत होती, याचा अर्थ ते काव्य त्याच्या कानांवरून, कदाचित डोळ्यांखालूनही गेले होते.

याहून बोलकी साक्ष इफिस नगरातली आहे, आणि तिच्याकडे आपल्या उपदेशांत क्वचितच लक्ष जाते. अर्तमी देवीचे देव्हारे करणाऱ्या सोनारांचा धंदा पौलाच्या उपदेशामुळे बसू लागला, नगरात दंगल उसळली, आणि अखेर नगराच्या चिटणीसाने जमावाला शांत केले. तो काय म्हणाला? या माणसांनी देवळे लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९:३७). हा चिटणीस ख्रिस्ती नव्हता. पौल त्या प्रांतात दोन वर्षांहून अधिक काळ शिकवत होता, हातांनी केलेले देव हे देवच नव्हेत असे सांगत होता, लोक जुने मार्ग सोडत होते. आणि तरीही निंदेचा आरोप त्याच्यावर टिकला नाही. आपल्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकाविषयी गावातला एखादा सरपंच किंवा तलाठी असे म्हणू शकेल का?

अभ्यासाला विरोध करणारे वडीलजन अनुवाद १२:३० दाखवतात. राष्ट्रे आपल्या दैवतांची सेवा कशी करतात याची चौकशी इस्राएलाने करू नये, असे तेथे आहे. वचन पुरते वाचले म्हणजे दिसते की मनाई आहे ती ‘आपणही तसेच करावे’ या हेतूने केलेल्या चौकशीला. एरवी दानीएलाचे काय करायचे? तो आणि त्याचे सोबती ऐन तारुण्यात, म्हणजे आपल्या दृढीकरणाच्या मुलांच्या आसपासच्या वयात, खास्दी लोकांची विद्या आणि भाषा तीन वर्षे शिकले, आणि ती विद्या त्यांना देवाने दिली असे शास्त्र म्हणते. त्याच अध्यायात राजाच्या ताटातले अन्न त्यांनी नाकारले आहे. ग्रंथ शिकले, ताट नाकारले. कोठे ‘हो’ म्हणायचे आणि कोठे ‘नको’, हे त्यांना कळत होते, कारण दोन्ही गोष्टी काय आहेत हे त्यांना नीट ठाऊक होते.

आपल्या मराठी मंडळीचा इतिहास तर या बाबतीत फारच समृद्ध आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी पुराणाची घडण घेतली, ओवी घेतली, आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दसुद्धा घेतला. तीन शतकांनंतर पंडिता रमाबाईंनी नेमका उलटा निर्णय केला. इब्री व ग्रीक शिकून त्यांनी केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द त्यांनी त्यात कटाक्षाने टाळले आणि साध्या बायकांना कळेल अशी भाषा योजली. कुणाचा निर्णय बरोबर, यावर आम्हा भाषांतरकारांत आजही वाद होतो. माझा कल रमाबाईंकडे आहे. परंतु टाळण्यासाठीसुद्धा ओळख लागते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तिलाच कोणता शब्द आपल्यामागून कोणते घर ओढून आणतो हे कळत होते. नीळकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या गोरे, यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) लिहिले ते हिंदू दर्शनांचे खंडन करण्यासाठी. पण ज्याचे खंडन करायचे ते आधी नीट मांडण्याची काशीच्या पंडितांची शिस्त त्यांनी सोडली नाही. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक? आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. या पूर्वजांची चित्रे आपण सभागृहात लावतो आणि त्यांना जे ठाऊक होते ते आपल्या मुलांपासून लपवतो, यात काहीतरी विपरीत आहे.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना एका शब्दासाठी सबंध सकाळ खर्ची पडते, तेव्हा या अज्ञानाची किंमत विशेष जाणवते. आपल्या मुलांना वाटते की ती मराठीत बोलतात म्हणजे मित्राला समजते. तसे नसते. निकदेमाशी झालेल्या संभाषणात मराठी शास्त्रात ‘नव्याने’ जन्मण्याची भाषा आहे. एखादा उत्साही तरुण हिंदू मित्राला सांगतो, ‘तुला पुन्हा जन्म घ्यावा लागेल.’ मित्राच्या घरी शतकानुशतके ज्या फेऱ्यातून सुटावे म्हणून तप, भक्ती, ज्ञान असे सर्व काही चालले आहे, तोच फेरा त्याला आणखी एकदा घालायला सांगितला, असे त्याला वाटते! ‘स्वर्ग’ शब्दाचेही तसेच. आपल्या कानाला तो अंतिम मुक्काम आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात मात्र पुण्य सरले की स्वर्गातून परत मृत्युलोकात यावे लागते. म्हणजे ‘तू स्वर्गात जाशील’ हे आश्वासन त्या मित्राला फार तर मोठ्या सुट्टीसारखे वाटते. ‘अवतार’ म्हणावे तर अवतार युगायुगांत पुन्हा पुन्हा होतात. आपण ज्याचे देहधारण मानतो तो एकदाच आला, आणि पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवर व्रण होते. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द तर योहानाच्या पहिल्या पत्रात आपल्या तारणाच्या गाभ्याशी बसला आहे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त घेतो तो पाप करणारा. उपास, दान, व्रत, जे काही असेल ते त्यानेच करायचे. आपल्या शास्त्रात ते दुसऱ्याच कुणीतरी केले आहे. शब्द तोच, पण कर्ता बदलला. आणि सगळी सुवार्ता त्या बदलात आहे. शेजाऱ्याचा अर्थ ठाऊक नसलेल्या मुलाला हा बदल दिसणारच नाही. म्हणून मला वाटते, अन्य धर्म शिकवल्याने आपला विश्वास फिका पडतो ही समजूत अनुभवाला धरून नाही. पुष्कळदा स्वतःच्या विश्वासाचा विशेष त्याच वेळी प्रथम दिसतो.

येथे दुसऱ्या उत्तराकडे वळू, कारण तेही निर्दोष नाही. ‘सगळे धर्म सारखेच’ हे वाक्य उदार वाटते. ते एखाद्या मुसलमान शेजाऱ्यापुढे बोलून पाहा. कुराणातल्या एकोणिसाव्या सूऱ्याचे नाव मरियम आहे, येशूला तेथे ईसा म्हणून मोठा मान आहे, त्याचा जन्म कुमारिकेपासून झाला हेही मान्य आहे. आपल्या मुलांना हे ठाऊक असले पाहिजे. आणि त्याच कुराणात वधस्तंभावरील मृत्यू नाकारलेला आहे, देवाला पुत्र असणे नाकारलेले आहे. हेही ठाऊक असले पाहिजे. दोहोंपैकी एक सांगून दुसरे गाळणे म्हणजे अर्धी साक्ष. बौद्ध मित्राला आपण ‘तुमचा देव आणि आमचा देव एकच’ म्हटले, तर तो गोंधळून आपल्याकडे पाहील. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, असे मुद्दाम म्हणवून घेतले आहे. आपले वेगळेपण ज्याने इतक्या निश्चयाने उच्चारले, त्याला ‘तू वेगळा नाहीस’ म्हणण्यात औदार्य नाही. (आपल्यातले काही ‘आंबेडकर हा त्यांचा देव’ असेही सहज बोलून जातात, ते तर सरळसरळ असत्य आहे.) शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूने तिच्या लोकांच्या उपासनेतील उणीव स्पष्ट सांगितली, फरक झाकला नाही. परंतु त्याआधी त्याने तिच्याजवळ पाणी मागितले होते.

तुलना करतानाही आपली तागडी सरळ हवी. एका पारड्यात डोंगरावरचे प्रवचन आणि दुसऱ्या पारड्यात शेजारच्या गावातली अस्पृश्यता, असे तोलले तर आपले पारडे जड होणारच. पण आपली मुले आंधळी नाहीत. मंडळीत विवाह जुळवताना घरातले वडील पूर्वीची जात हळूच कशी विचारतात, हे त्यांनी दाराआडून ऐकलेले असते. ‘त्यांच्यात जाती आहेत’ हे वाक्य त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने बोलायचे? शिकवण शिकवणीशी ताडावी, आचरण आचरणाशी. आणि उलट बाजूचा अनुभव तर आपल्या प्रत्येक मुलाला आहे. ‘तुम्ही तीन देव मानता’, ‘तुम्हांला धान्य देऊन बाटवले’, ‘तुमचा धर्म गोऱ्यांचा’ : शाळेच्या मैदानावर हे ऐकून घरी आलेले मूल किती दुखावलेले असते! केरळातील मंडळी इंग्रज येण्याच्या कित्येक शतके आधीची आहे, हे त्याला सांगता येत नाही, कारण ऐकणाऱ्याला ऐकायचे नसते. इतरांनी आपल्याशी जसे वागावे तसे आपण वागावे, हा प्रभूचा नियम (मत्तय ७:१२) या जखमेवर बोट ठेवून शिकवला तर एका मिनिटात कळतो.

मुलांचा खरा नित्याचा प्रश्न मात्र तत्त्वज्ञानाचा नसून ताटातला असतो. संक्रांतीचा तिळगूळ घ्यायचा का? ईदचा शीरखुर्मा खायचा का? आणि सत्यनारायणाचा प्रसाद? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलाने याचे जितके नाजूक उत्तर दिले आहे, तितके आपण देत नाही. कुणी जेवायला बोलावले तर चौकशा न करता खावे. पण हे नैवेद्याचे आहे असे कुणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये. माझ्या मते तिळगूळ आणि शीरखुर्मा ही मैत्रीची देणी आहेत. ती घ्यावीत आणि नाताळात आपल्या करंज्यांचे ताट त्या घरी पाठवावे. प्रसाद वेगळा. देवतेला अर्पण केलेले तिच्या कृपेची खूण म्हणून परत येते, ‘प्रसाद’ या शब्दातच ती प्रसन्नता आहे. जे देणाऱ्याला कृपा म्हणून पवित्र आहे, ते मी मिठाई म्हणून तोंडात टाकावे, हा माझ्या विश्वासाशी जसा अप्रामाणिकपणा आहे तसा त्याच्या श्रद्धेशीही आहे. ख्रिस्ती मुलाने हात जोडून म्हणावे, ‘काकू, मी हे घेत नाही, पण तुम्ही आठवणीने दिलेत, बरे वाटले.’ नाक मुरडून नाकारणारा आणि असे नाकारणारा, यांतला फरक काकूंना बरोबर समजतो. काही मंडळ्यांतले पाळक याहून कडक आहेत, काही सैल; मुलाला कारण समजलेले असावे, एवढा माझा आग्रह आहे.

आणि एक प्रश्न असा येतो की ज्यापुढे शिक्षकाचा आवाज बसतो. ‘आमचे पणजोबा ख्रिस्ती नव्हते. सुवार्ता त्यांच्या गावात आलीच नव्हती. ते कोठे आहेत?’ हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला धर्मशास्त्रातले मतभेद ऐकायचे नसतात. त्याच्या डोळ्यांपुढे घरातल्या भिंतीवरचा पागोटे घातलेला धूसर फोटो असतो. तेथे घाईने ‘नरकात’ म्हणणारा देवाच्या आसनावर बसतो, आणि घाईने ‘स्वर्गात’ म्हणणाराही तेथेच बसतो. पौलाने रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नियमशास्त्र नसलेल्यांच्या हृदयावर लिहिलेल्या नियमाविषयी लिहिले आहे, आणि माणसांच्या गुप्त गोष्टींचा न्याय येशू ख्रिस्ताच्या द्वारे देव करील असे म्हटले आहे. सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय, अशा अर्थाचा अब्राहामाचा प्रश्न (उत्पत्ती १८:२५) मुलाच्या हाती द्यावा. अब्राहामालाही उत्तर मिळाले नाही. त्याला बोलत राहण्याची मुभा मिळाली. तारण पावणारे थोडेच आहेत काय, असे प्रभूलाही कुणी विचारले होते (लूक १३:२३). त्याने संख्या सांगितली नाही. विचारणाऱ्यालाच अरुंद दाराने आत जाण्याची खटपट करायला सांगितले.

हे शिकवायचे कसे, असे आपण विचाराल. मोठी पुस्तके लागत नाहीत. प्रथम मुलाला स्वतःचे शास्त्र आले पाहिजे, हे गृहीत धरतो; चार शुभवर्तमाने न वाचलेल्या मुलाला उपनिषदांचा परिचय करून देणे हा उलटा क्रम आहे. त्यानंतर आमच्या कामातली एक रीत उपयोगी पडेल. भाषांतराचा मसुदा झाला की तो पूर्वी न ऐकलेल्या लोकांपुढे आम्ही वाचतो आणि म्हणतो, ‘तुम्हांला काय समजले, ते तुमच्या शब्दांत सांगा.’ भाषांतरकाराला स्पष्ट वाटलेले वाक्य तेथे भलतेच होऊन परत येते, आणि मग मसुदा दुरुस्त होतो. शेजाऱ्याच्या धर्माविषयी आपण मुलांना जे सांगतो, तेही असेच त्या शेजाऱ्याला वाचून दाखवता आले पाहिजे. ‘हे तुम्हीच आहात ना?’ असे विचारल्यावर त्याने मान डोलावली तरच धडा खरा. त्यानंतर आपण त्याच्याशी सहमत नाही असे खुशाल सांगावे.

आमच्या मंडळीच्या तरुण संघातील तीन मुलांनी हे एकदा केले. त्यांनी वारकरी संप्रदायावर एक पान लिहिले आणि वर्गात वाचण्याआधी गल्लीतल्या माळकरी आजोबांना वाचून दाखवले. तुळशीची माळ, एकादशी, मांसाहार वर्ज्य, आषाढीची वारी, सगळे त्यात होते. ‘वारकरी पुण्य मिळवण्यासाठी पायी पंढरपूरला जातात’ या वाक्यावर आजोबांनी हात वर केला. ‘पुण्यासाठी नव्हे, बाळांनो. माहेरी जातो आम्ही. लेक माहेरी काय मिळवायला जाते?’ मुलांनी ते वाक्य खोडले. आजोबांनी चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत म्हणाले, ‘आता तुमचे सांगा. महिन्यातून एकदा तुम्ही देवळात भाकर आणि द्राक्षाचा रस घेता, ते कशासाठी?’ तिघांनी एकमेकांकडे पाहिले. प्रश्नोत्तरावलीतले उत्तर तिघांनाही पाठ होते, पण त्यातला एकही शब्द आजोबांना कळण्याजोगा नव्हता. अखेर त्यांतली मुलगी म्हणाली, ‘आजोबा, ज्या रात्री त्याला धरून नेले, त्या रात्री तो आपल्या माणसांबरोबर जेवायला बसला होता...’ आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.